उसनी साक्ष

विश्वाला आरंभ आहे की नाही, या प्रश्नाने प्रत्येक देशातील विचारवंतांना आजवर अस्वस्थ केले आहे. परंतु अलीकडे आपल्या श्रद्धाळू समाजात या प्रश्नाला एक निराळेच वळण लागलेले दिसते. आधुनिक पदार्थविज्ञानातील काही थोर गणिती ‘काळाला पहिली कडा नाही’ असे म्हणतात, हे वृत्त कानी येताच अनेक सज्जन आनंदाने म्हणू लागतात, ‘पाहा, आमच्या शास्त्रकारांनी सृष्टी अनादि म्हटली होती, आता विज्ञानानेच ती गोष्ट सिद्ध केली!’ हा आनंद निष्कपट आहे, यात संशय नाही. पण तो न्याय्य आहे काय? श्रद्धावान मनुष्याने आपल्या श्रद्धेसाठी अशी साक्ष घ्यावी काय? आणि ती साक्ष नीट समजून न घेता घेतली, तर त्यात सत्याचा अपराध घडतो की नाही? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

हा विचार मला एका चुकीमुळे करावा लागला, आणि ती चूक माझी स्वतःची होती. ती प्रथम सांगितलेली बरी.

माझा व्यवसाय भाषांतराचा. काशीस पाठशाळेत न्याय आणि वेदान्त यांचे अध्ययन झाल्यावर मी या व्यवसायात पडलो. काही वर्षांपूर्वी विश्वोत्पत्तीवरील एका इंग्रजी लेखाचे मराठी रूपांतर करण्याचे काम माझ्याकडे आले. त्या लेखात काळाच्या एका विशेष प्रकाराला जे विशेषण लावलेले होते, त्याचा सरळ अर्थ ‘काल्पनिक’ असा होता. गणितात त्या शब्दाला ठराविक अर्थ आहे. मला मात्र तो शब्द रुक्ष वाटला. वेदान्तातला शब्द तर जिभेवरच होता. मी लिहिले, ‘मायिक काल’. लेख छापून आला. शब्दयोजनेची काहींनी वाहवा केली आणि ती मी संकोच न करता स्वीकारली.

पुढे दीड-दोन वर्षांनी एके दिवशी सकाळी एक वृद्ध गृहस्थ पत्ता शोधीत घरी आले. ते निवृत्त शिक्षक होते. वर्षापूर्वी त्यांची पत्नी निवर्तली होती. पाणी घेऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक पोथी काढली व तिच्यात जपून ठेवलेले माझ्या लेखाचे कात्रण माझ्यापुढे ठेवले. ते म्हणाले, ‘शास्त्रीबुवा, काळ मायिक आहे असे कीर्तना-प्रवचनांत पुष्कळ ऐकले होते, पण मनाला पटत नव्हते. आता शास्त्रज्ञांनीच गणिताने सिद्ध केले, तेव्हा पटले. काळच खोटा, तर ती गेली हेही खोटेच. या कात्रणावर मी हे वर्ष काढले. आता ते गणित मला नीट समजावून सांगा, म्हणजे पुढची वर्षेही निघतील.’

वाचकहो, त्या क्षणी माझी काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा. एका दुःखी मनुष्याने ज्या शब्दाचा आधार घेतला होता, तो शब्द त्या शास्त्रज्ञांचा नव्हता. तो माझा होता, आणि चुकीचा होता. गप्प राहिलो असतो तर ते समाधानाने परत गेले असते. खरे सांगितले तर आधार काढून घेतल्यासारखे होणार. पण ते शिक्षक होते, आणि त्यांनी गणितच विचारले होते. त्या सकाळी मी त्यांना जे समजावून सांगण्याचा प्रयत्न केला, तेच थोड्या विस्ताराने येथे मांडतो.

काळापुढील ऋण चिन्ह

भूमितीतील एक नियम सर्वांनी शाळेत शिकलेला असतो. आयताच्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज केली म्हणजे त्याच्या कर्णाचा वर्ग मिळतो. बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदीच्या रचनेच्या निमित्ताने हा नियम आलेला आहे. खोलीच्या खालच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर काढावयाचे असेल, तर लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींच्या वर्गांची बेरीज करावी लागते. या तिन्ही वर्गांपुढे धन चिन्ह असते. म्हणूनच या तीन दिशांमध्ये मूलतः भेद नाही. उभी पेटी आडवी केली की जी उंची होती तीच लांबी होते.

१९०५ साली आइन्स्टाइन यांनी सापेक्षतेचा सिद्धांत मांडला. त्यांचे एके काळचे गणिताचे अध्यापक हेर्मान मिंकोवस्की यांनी १९०८ च्या सप्टेंबरात जर्मनीतील कोलोन येथे दिलेल्या व्याख्यानात दाखविले की, अवकाश आणि काल यांचा विचार वेगवेगळा न करता एकत्र केला पाहिजे. ‘कोठे’ आणि ‘केव्हा’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळून एक घटना ठरते. प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारे ३ लक्ष किलोमीटर आहे. त्या वेगाने काळास गुणले म्हणजे काळही लांबीच्या मापात येतो, आणि मग दोन घटनांमधील अंतर तीनऐवजी चार वर्गांवरून काढता येते. परंतु येथेच सर्व मर्म आहे. हा चौथा वर्ग बेरजेत मिळवावयाचा नसतो, तो वजा करावयाचा असतो. तीन धन आणि एक ऋण, ही जी चिन्हांची मांडणी, तिला शास्त्रज्ञ ‘सिग्नेचर’ म्हणतात. व्यवहारात हाच शब्द सहीसाठी वापरला जातो. आपण तिला ‘चिन्हव्यवस्था’ म्हणू. काही ग्रंथकार तीन ऋण व एक धन असेही लिहितात. महत्त्व आहे ते चौथ्याच्या वेगळेपणाला.

या एका चिन्हाने काय साधते? सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्याच्या प्रकाशास येथे येण्यास ८ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि प्रकाशाहून अधिक वेगाने कोणताही परिणाम प्रवास करीत नाही. म्हणजे या क्षणी सूर्यावर काही घडले, तर पुढील ८ मिनिटे येथील कोणत्याही गोष्टीवर त्याचा परिणाम होणे शक्य नाही. दोन घटनांच्या हिशेबात काळाचा वर्ग अधिक भरला, तर पहिली घटना दुसरीचे कारण होऊ शकते, आणि त्यांचा पूर्वापर क्रम कोणत्याही पाहणाऱ्यास उलटा दिसत नाही. अवकाशाचे वर्ग अधिक भरले, तर त्या दोन घटनांत कार्यकारणसंबंध संभवत नाही; त्यांतील आधीची कोणती, हेदेखील पाहणाऱ्याच्या गतीवर अवलंबून राहते. चारही चिन्हे धन असती, तर घटनांची ही विभागणीच झाली नसती. पूर्वेकडे तोंड करून उभा असलेला मनुष्य जसा वळून उत्तरेकडे तोंड करतो, तसे काळाच्या दिशेकडून अवकाशाच्या दिशेकडे सहज वळता आले असते. मग आधी आणि नंतर, कारण आणि कार्य, या शब्दांना अर्थ उरला नसता.

दर्शनशास्त्राचा अभ्यास केलेला मनुष्य येथे थबकतो. वैशेषिकांनी दिक् आणि काल ही दोन स्वतंत्र द्रव्ये मानली. दूर-जवळ हा व्यवहार दिशेमुळे होतो व तो अनियत आहे; ज्येष्ठ-कनिष्ठ हा व्यवहार काळामुळे होतो व तो नियत आहे, असा भेद त्या परंपरेने केला. दूरचे गाव प्रवास केल्यावर जवळचे होते. पण थोरला भाऊ कोणत्याही गावी गेला तरी थोरलाच राहतो. हे साम्य माझ्या ध्यानात आले तेव्हा मला हर्ष झाला होता. परंतु वैशेषिकांचा काल एक आणि सर्वांस समान आहे; मिंकोवस्कींचा तसा नाही. प्रकाशाच्या वेगाची मर्यादा वैशेषिकांना अभिप्रेत नव्हती. साम्य दिसले एवढ्यावरून दोन सिद्धांत एक झाले, असे म्हणता येत नाही. साम्य हे विचाराला निमंत्रण आहे. ते प्रमाण नव्हे.

आरंभापाशी चिन्ह बदलते काय?

विश्व विस्तारत आहे, हे बेल्जियमचे गणिती जॉर्ज लेमेत्र यांनी १९२७ साली आइन्स्टाइन यांच्या समीकरणांवरून मांडले, आणि १९२९ साली हबल यांच्या दूरच्या दीर्घिकांच्या निरीक्षणांनी त्याला बळकटी आली. विस्तारणाऱ्या विश्वाचा इतिहास मागे मागे नेला, तर सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी सर्व काही अत्यंत घन व तप्त अवस्थेत होते असे निष्पन्न होते. १९५५ साली कलकत्त्याचे अमलकुमार रायचौधुरी यांनी एक समीकरण दिले. गुरुत्वाकर्षणामुळे द्रव्याचे मार्ग परस्परांकडे कसे ओढले जातात, हे त्यातून कळते. पुढे पेनरोज यांनी १९६५ साली, आणि हॉकिंग व पेनरोज यांनी मिळून १९७० साली जे सिद्धांत सिद्ध केले, त्यांत या समीकरणाचे मोठे साहाय्य झाले. त्यांचे तात्पर्य असे की, काही सामान्य अटी मान्य केल्या, तर भूतकाळाकडे जाता जाता अशी जागा येते की जेथे आइन्स्टाइन यांचा सिद्धांत स्वतःच कुंठित होतो. तेथे घनता अनंत होते, म्हणजे वस्तुतः गणित बोलेनासे होते.

जेथे विश्व अणूहूनही सूक्ष्म होते, तेथे अणूंच्या जगाचे नियम लागू केले पाहिजेत, हे उघड आहे. त्या जगात वस्तू एकाच निश्चित मार्गाने जात नाही. सर्व संभाव्य मार्गांचा एकत्रित हिशेब करावा लागतो. याला पुंजयांत्रिकी म्हणतात. तिचे नियम संपूर्ण विश्वाला लावण्याचा जो उद्योग, तो पुंज-विश्वशास्त्र होय. १९६७ साली डी-विट यांनी या शास्त्राचे मूलभूत समीकरण प्रसिद्ध केले. त्यात एक विलक्षण गोष्ट आढळली. विश्वाच्या त्या समीकरणात काळ हा चल कोठेच नव्हता.

१९८३ साली जेम्स हार्टल आणि स्टीफन हॉकिंग यांनी पुढील पाऊल टाकले. ऋण एकाच्या वर्गमूळास गणितात काल्पनिक संख्या म्हणतात. काळास त्या संख्येने गुणले, तर त्याच्या वर्गाचे चिन्ह पालटते. काळापुढील ऋण धन होते आणि चारही चिन्हे धन होतात. अणुविज्ञानातील हिशेब सोपे करण्यासाठी ही युक्ती आधीपासून वापरात होती. हार्टल व हॉकिंग यांनी सुचविले की, विश्वाच्या आरंभाचा हिशेब अशाच चार धन चिन्हांच्या आकृतींवरून करावा, आणि त्या आकृतींना कडा नसावी. मग आरंभापाशी काळ अवकाशाच्या दिशेसारखाच होतो. पृथ्वीच्या दक्षिण ध्रुवाच्या दक्षिणेस काय आहे, हा प्रश्न जसा निरर्थक आहे, तसाच आरंभापूर्वी काय होते हाही निरर्थक ठरतो. दक्षिण ध्रुवावर पृथ्वीला भोक पडलेले नाही, तेथे भिंतही नाही. तेथे केवळ ‘दक्षिण’ या शब्दाचे काम संपते. पुढे १९९२ साली जॉर्ज एलिस व त्यांचे सहकारी यांनी असेही दाखविले की, पुंजयांत्रिकीचा आश्रय न घेता आइन्स्टाइन यांच्या समीकरणांतच चिन्हव्यवस्था बदलण्याचा विचार करता येतो.

येथे दोन गोष्टी नीट ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली ही की, या मताला अद्याप निरीक्षणाचा निर्णायक आधार नाही. व्हिलेंकिन यांनी १९८२ सालीच निराळी कल्पना मांडली होती. २०१७ साली फेल्डब्रुगे, लेनर्स आणि ट्युरॉक या तिघांनी आक्षेप घेतला की, हिशेब काटेकोर केल्यास असा सुरळीत आरंभ टिकत नाही. लहान खळबळी वाढत जातात. हार्टल यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यास उत्तर दिले. हॉकिंग २०१८ साली आणि हार्टल २०२३ साली निवर्तले. वाद मात्र मिटलेला नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ‘कडा नाही’ आणि ‘अनादि’ या दोन शब्दांचा अर्थ एक नाही. आपल्या वेदान्तात सृष्टी अनादि म्हणतात, ती प्रवाहरूपाने: या सृष्टीपूर्वी दुसरी, तिच्यापूर्वी तिसरी, अशी जिचा पहिला दुवा सापडत नाही अशी परंपरा. हार्टल-हॉकिंग मताप्रमाणे मागचा काळ अनंत नाही. तो परिमित आहे, फक्त त्याला टोक नाही. एकाने सांगितले की, रस्ता मागे कधीच संपत नाही. दुसऱ्याने सांगितले की, रस्ता संपतो, पण जेथे संपतो तेथे रस्ता हा शब्दच लागू पडत नाही. ही दोन वाक्ये परस्परांची साक्षीदार नव्हेत. किंबहुना, नीट पाहिले तर ती परस्परांस अनुकूलही नाहीत.

शब्दाचा अपराध

आता माझ्या ‘मायिक’ शब्दाकडे वळू. ‘काल्पनिक संख्या’ हे नाव फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांच्या १६३७ सालच्या भूमितीवरील ग्रंथातून आले. त्या काळी अशा संख्या गणित्यांना परक्या वाटत, म्हणून तसे नाव पडले. नाव चिकटले, परकेपणा गेला. आज ज्या प्रत्यावर्ती प्रवाहावर आपल्या घरातले दिवे जळतात, त्या प्रवाहाचे गणित अभियंते याच संख्यांच्या साहाय्याने करतात. जिला काल्पनिक म्हणतात ती खोटी नाही. तिचे चिन्ह आणि तिचे नियम निराळे आहेत, एवढेच. म्हणून काल्पनिक काळ म्हणजे भ्रमरूप काळ नव्हे. काळ मिथ्या आहे असे हार्टल आणि हॉकिंग यांनी कोठेही सिद्ध केलेले नाही. आरंभापाशी काळाच्या वर्गाचे चिन्ह पालटते असे समजून हिशेब करावा, एवढेच त्यांचे म्हणणे.

‘मायिक’ हा शब्द शंकराचार्यांच्या परंपरेत फार मोलाचा आहे. त्याचे स्वतःचे प्रयोजन आहे आणि त्याचा अर्थ बाध-विचाराने ठरतो. तो मी एका गणिती संज्ञेवर चिकटविला, तेव्हा दोघांचाही अपमान केला. गणिताच्या तोंडी त्याने न म्हटलेले वाक्य घातले, आणि वेदान्ताला ज्याची गरज नव्हती असा आधार दिला. न्यायालयात साक्षीदाराच्या तोंडी वाक्य घालणारा वकील दोषी ठरतो. भाषांतरकाराने तेच केले, तर ते पांडित्य कसे ठरेल?

एका धर्मोपदेशकाचा विवेक

या संदर्भात मला एका परधर्मीय पुरुषाचे चरित्र वारंवार आठवते. वर ज्यांचा उल्लेख आला, ते जॉर्ज लेमेत्र हे नुसते गणिती नव्हते. ते कॅथॉलिक पंथाचे दीक्षित धर्मोपदेशक होते. १९२३ साली त्यांनी दीक्षा घेतली. विश्वाच्या आरंभाला पुंजयांत्रिकीची दृष्टी लावणारे पहिले टिपणही त्यांचेच आहे. ते १९३१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आले. अगदी आरंभी अवकाश आणि काळ या कल्पनांना अर्थच नसावा, असा विचार त्यांनी त्यात मांडला होता. पुंज-विश्वशास्त्राचे बीज तेथे आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

पुढे १९५१ च्या नोव्हेंबरात पोप बारावे पायस यांनी रोम येथील आपल्या विज्ञान-परिषदेपुढे भाषण केले. विश्वाला आरंभ आहे असे जे आधुनिक विज्ञान सांगते, ते ईश्वराच्या सृष्टिकर्तृत्वाला दुजोराच देते, असा त्या भाषणाचा सूर होता. लेमेत्र यांच्या जागी दुसरा कोणी असता तर हर्षित झाला असता. मत त्यांचे, धर्म त्यांचा, आणि प्रशंसा करणारे धर्मगुरूही त्यांचेच! परंतु लेमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत हा विज्ञानातला तर्क आहे. निरीक्षणाने तो उद्या खोटा ठरू शकतो. ईश्वराला मानणाऱ्याला आणि न मानणाऱ्याला तो सारखाच मोकळा आहे, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी आपले मत पोपच्या विज्ञानविषयक सल्लागारामार्फत तेथवर पोहोचविले. १९५२ साली रोममध्ये जगातील ज्योतिर्विदांची परिषद भरली, तेव्हा त्यांच्यापुढील भाषणात पोपनी तो दावा पुन्हा केला नाही.

विचार करा. त्या वेळी ‘आरंभ सिद्ध झाला’ म्हणून श्रद्धा बळकट केली असती, तर १९८३ साली ‘कडा नाही’ हे मत आल्यावर ती श्रद्धा डळमळीत करावी लागली असती. आणि १९८३ च्या मतावर ‘अनादि सिद्ध झाले’ म्हणून आपण श्रद्धा बांधली, तर २०१७ च्या आक्षेपानंतर ती सोडावयाची काय? वाहत्या ओंडक्याला नाव बांधणाऱ्याने किनारा सापडल्याचे समाधान मानू नये.

आपल्याकडीलही एक उदाहरण देतो. कोल्हापुरास जन्मलेले आणि काशीत वाढलेले जयंत नारळीकर यांचे वडील काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते, व आई संस्कृतच्या विदुषी होत्या. फ्रेड हॉइल यांच्यासह नारळीकरांनी ज्या विश्वाचा पुरस्कार केला, ते आरंभ नसलेले होते. आकाशातून सर्व बाजूंनी येणाऱ्या मंद किरणोत्साराचा १९६५ साली शोध लागल्यावर बहुतेक शास्त्रज्ञांनी ते मत सोडले. नारळीकर मात्र महास्फोटाविषयीच्या शंका अखेरपर्यंत विचारीत राहिले. २०२५ साली पुण्यास त्यांचे निधन झाले. आरंभ नसलेल्या विश्वाचा कैवार घेताना त्यांनी बळ घेतले ते समीकरणांचे आणि निरीक्षणांचे. एका घरात संस्कृत आणि गणित दोन्ही नांदू शकतात, आणि त्यासाठी एकाने दुसऱ्याची साक्ष उसनी घ्यावी लागत नाही, एवढे त्यावरून दिसते.

प्रमाणांची मर्यादा

कोणी म्हणेल, हा विज्ञानाच्या बाजूचा विचार झाला. आपले शास्त्र काय म्हणते? आपले शास्त्र या विषयात अतिशय काटेकोर आहे. प्रत्येक प्रमाणाला स्वतःचे क्षेत्र आहे, हा मीमांसा आणि वेदान्त यांचा समान सिद्धांत आहे. डोळ्याने रूप कळते, शब्द कळत नाही. म्हणून डोळा सदोष ठरत नाही. प्रत्यक्ष आणि अनुमान यांनी जे कळते, ते सांगण्यासाठी श्रुती प्रवृत्त झालेली नाही. प्रत्यक्षाच्या क्षेत्रात प्रत्यक्षाविरुद्ध बोलणारी शेकडो श्रुतिवचनेही प्रमाण होऊ शकत नाहीत, हे शंकराचार्यांनी गीताभाष्यात अग्नीचा दृष्टांत देऊन सांगितले आहे. याच न्यायाने उलट बाजूही मान्य केली पाहिजे. जे श्रुतीचे क्षेत्र आहे, त्यात दुर्बिणीच्या अनुमतीची अपेक्षा धरणे म्हणजे श्रुतीला परप्रमाणावर अवलंबून ठेवणे होय. वरवर पाहता हा शास्त्राचा गौरव वाटतो. परिणामी तो शास्त्राविषयीचा अविश्वास आहे. ज्याला आपल्या घराच्या पायाविषयी खात्री असते, तो शेजाऱ्याच्या भिंतीला टेकू लावीत नाही.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त सृष्टीच्या मुळाविषयी विचारता विचारता शेवटी शंकेपाशीच थांबते. ज्या परंपरेच्या प्राचीनतम ग्रंथाला आपली शंका लपवावीशी वाटली नाही, तिच्या अनुयायांनी अर्धवट समजलेल्या समीकरणावरून विजयाची नौबत वाजवावी, हे शोभत नाही.

गृहस्थाला यातून काय मिळते?

मग या सर्व गणिताशी सामान्य गृहस्थाचा काहीच संबंध नाही काय? मला तसे वाटत नाही. आरंभापाशी चिन्ह काहीही असो. आपण ज्या जगात राहतो, तेथे काळापुढे ऋण चिन्ह आहे. आपल्या तीन दिशांत आपण जाऊन परत येतो. काळाच्या दिशेत वळून परत येता येत नाही. काळ पुढेच का जातो, याचे कारण एकट्या चिन्हात नाही. शास्त्रज्ञ ते उष्णतेच्या नियमांत शोधतात. परंतु कारण आधी आणि कार्य नंतर, ही व्यवस्था त्या वेगळ्या चिन्हामुळेच संभवते. जेथे चारही चिन्हे सारखी, तेथे काही ‘घडत’ नाही. तेथे अपराध नाही, पश्चात्ताप नाही, वचन नाही आणि वचनपालनही नाही. मुलाला रागाने बोललेला शब्द परत घेता येत नाही, वृद्ध आईची आज केलेली शुश्रूषा उद्यावर ढकलता येत नाही. हे मी गणिताचा पुरावा म्हणून सांगत नाही. तसे केले तर माझीच चूक मी पुन्हा केली असे होईल. गणिताने मला एवढेच केले की, जी गोष्ट मी गृहीत धरून चाललो होतो तिच्याकडे पुन्हा पाहावयास लावले.

त्या सकाळी हे सर्व मी त्या वृद्ध शिक्षकांना सांगितले. अखेरीस म्हणालो, ‘गुरुजी, हा शब्द माझा होता आणि तो चुकला. काळ खोटा आहे असे त्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेले नाही. आपण मला क्षमा करावी.’

ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी कात्रणाची घडी घातली आणि विचारले, ‘गणिताचे राहू द्या. ती होती, आणि ती गेली, हे खरेच ना?’

मी म्हटले, ‘खरेच.’

‘मग ठीक आहे,’ ते म्हणाले. ‘पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. वर्षभर मी स्वतःला सांगत होतो की, ती गेली नाही. आणि मग श्राद्ध कोणाचे करावयाचे, हे मनाला उमगत नव्हते. आता जी खरी होती तिचेच करीन.’ कात्रण त्यांनी माझ्याकडेच ठेवले. दारापर्यंत पोहोचवावयास गेलो, तेव्हा ते रडत होते. पण येताना त्यांच्या चेहऱ्यावर जी ओढून आणलेली शांती होती, ती आता नव्हती.

त्यांचे दुःख मी हलके केले, असे मी म्हणणार नाही. ते त्यांना परत दिले, एवढेच झाले. ज्ञानाने सर्व शोक निवळतो असे आपण म्हणतो. पण ते ज्ञान खोट्या शब्दावर उभे राहत नाही. आत्म्याच्या नित्यत्वाचा विचार ज्याला करावयाचा असेल, त्याने तो त्या विचाराच्या मार्गाने, श्रवण-मननाने करावा. विश्वाच्या वयाचा विचार करावयाचा असेल, तर तो गणिताने आणि निरीक्षणाने करावा. दोन्ही मार्ग कष्टाचे आहेत. एकाचे कष्ट चुकविण्यासाठी दुसऱ्याची पावती दाखविणे, हा सत्यव्रताचा भंग होय.

यास्तव माझी सर्व बंधुभगिनींना एवढीच विनंती आहे की, ‘विज्ञानाने आमचे शास्त्र सिद्ध केले’ असे वाक्य कानी पडले, तर आनंद मानण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावे. विज्ञानाने नेमके काय म्हटले? आणि आमचे शास्त्र नेमके काय म्हणते? बहुतेक वेळा या दोन प्रश्नांतच ते वाक्य विरून जाईल. त्यातून जे उरेल ते कदाचित थोडे असेल. पण ते उसने असणार नाही.

ते कात्रण माझ्या मेजाच्या खणात आहे. नवे काम हाती घेताना मी ते एकदा उघडून पाहतो.